पेडल स्टीलला पाचवा लिव्हर बसवून घेतला, वागळे इस्टेटमध्ये

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या लेथवाल्या काकांकडून मी माझ्या पेडल स्टील गिटारला पाचवा गुडघ्याचा लिव्हर करून घेतला, त्याला आता चार महिने झाले, रोज वाजवतोय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. ही गिटार वाजवणारे ठाण्यात फार नसतील पण जे आहेत त्यांची पहिली अडचण हीच की काम करून देणारं कोणी मिळत नाही. आणि त्याच्याही आधीची अडचण म्हणजे नेमकं काय करून घ्यायचं हेच ठरत नाही, माझं तर वर्षभर ठरत नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हवाईयन गिटार आपल्याकडे जुनी आहे, व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांनी फिल्मी गाणी त्यावर वाजवून घरोघरी पोचवली, माझे बाबा पण ऑर्केस्ट्रात तीच वाजवायचे. तिच्यात बार (हातात धरायची धातूची कांडी) तारांवर सरकवला की सगळ्या तारांचे सूर एकदम सरकतात. पेडल स्टीलला खाली पेडल असतात आणि गुडघ्याने ढकलायचे लिव्हर, ते दाबले की बार जागच्या जागी राहतो आणि फक्त ठरलेल्या एक-दोन तारा चढतात नाहीतर उतरतात, बाकीच्या तशाच वाजत राहतात. म्हणजे प वरून ध वर मींड घेताना शेजारी सा तसाच धरून ठेवता येतो. हे पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मी बाबांना फोन लावून गिटारजवळ धरला होता.

आता मुद्दा. ई नाइन ट्यूनिंगमधली (तारा सुरात लावायची ही एक ठरलेली पद्धत) दहा तारांची गिटार असेल तर ई म्हणजे सा धरा, सगळं सोपं होतं. पहिल्या तारेपासून मोजलं तर रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. पहिलं पेडल दोन्ही प ना ध करतं. दुसरं दोन्ही ग ना म करतं. तिसरं चौथ्या तारेच्या सा चा रे करतं आणि पाचव्या तारेच्या प चा ध. डाव्या गुडघ्याचा एक लिव्हर दोन्ही सा कोमल रे वर चढवतो आणि दुसरा दोन्ही सा नी वर उतरवतो. हे पाच बदल जवळपास सगळीकडे असतात आणि माझं स्पष्ट मत आहे की ह्यांना हात लावू नका, कितीही वाटलं तरी. 1954 मध्ये अमेरिकन वादक बड आयझॅक्सनी गायक वेब पियर्सच्या एका रेकॉर्डवर हे पेडलचं वाजवणं लोकांना ऐकवलं तेव्हा ग-म आणि प-ध हे दोन्ही बदल एकाच पेडलवर होते, नंतर बडी एमन्स आणि जिमी डे या वादकांनी ते फोडून दोन पेडल केली. त्या फोडण्यात केवढी ताकद आहे ते बसून वाजवलं की कळतं, पायाचा घोटा नुसता आडवा कलवला की एक सूर सुटतो आणि दुसरा राहतो.

पेडलची मांडणी एमन्सची लावायची की डे ची लावायची हा प्रश्न नवीन लोक फार विचारतात. फरक एवढाच की एमन्समध्ये प-ध चं पेडल सगळ्यात डावीकडे आणि डे मध्ये तो क्रम उलटा. त्याबरोबर सा चे दोन लिव्हर पण बहुतेक अदलाबदल होतात, कारण प-ध च्या पेडलबरोबर सा चा कोमल रे सारखा लागतो आणि पाय ज्या बाजूला झुकतो त्याच बाजूला गुडघा सहज जातो. गिटार ज्या पद्धतीची मिळाली तीच शिका, माझी एमन्स होती, ती तशीच ठेवली.

उजव्या गुडघ्याला माझ्याकडे दोन लिव्हर आधीपासून होते. एक पहिल्या आणि सातव्या तारेचा रे कोमल ग करतो, दुसरा दुसऱ्या तारेचा नी कोमल नी करून पुढे ध पर्यंत नेतो (मधे जरा अडकल्यासारखं होतं, तिथे थांबलात तर कोमल नी) आणि नववी तार पण ध वर आणतो. म्हणजे तीन पेडल आणि चार लिव्हर. पाचवा उभा, म्हणजे डाव्या गुडघ्याने वर उचलायचा, त्याची जागा मोकळी होती.

त्याच्यावर काय घ्यायचं? दुसऱ्याचा चार्ट बघून घेतलं तर त्याच्या गाण्यांना उपयोगी पडेल ते आपल्याकडे येतं, आपण वाजवणार भावगीत, नाट्यगीत, जुनी हिंदी गाणी. म्हणून मी एक वही केली आणि महिनाभर वाजवताना जिथे जिथे बार हलवल्याशिवाय सूर मिळाला नाही तिथे तो सूर लिहून ठेवला. सुरुवातीला वाटलं होतं की तिसऱ्या आणि सहाव्या तारेचा ग कोमल करून घ्यावा, पण वहीत ते फार कमी वेळा आलं, कारण कोमल ग पहिल्या-सातव्या तारेवर मिळतच होता आणि मायनर कॉर्ड पहिल्या पेडलवर मिळते. सगळ्यात जास्त आला तीव्र म. मराठी भावगीतांत यमन किती आहे ते सांगायला नकोच. तर ठरलं, पाचवी आणि दहावी तार, प चा तीव्र म.

आणि ह्यातली खरी मजा पुढेच आहे. पहिलं पेडल दाबलेलं असताना म्हणजे प चा ध झालेला असताना हाच लिव्हर उचलला तर ध चा कोमल ध होतो. एका लिव्हरमध्ये दोन सूर! यमन पण आणि भैरवीचा कोमल ध पण. फक्त हा जोड आपोआप सुरात येत नाही, चेंजरच्या (तारा चढवणारा-उतरवणारा भाग) टोकाला त्या तारेसाठी वेगळा बारीक स्क्रू असावा लागतो, माझ्या गिटारला होता म्हणून काम झालं. तुमच्याकडे आहे का ते आधी बघा आणि मगच हा बदल घ्या.

आता कामाबद्दल. ह्याआधी मी एका मोठ्या वाद्यांच्या दुकानात गिटार दिली होती, नाव लिहीत नाही, त्यांनी चौथ्या तारेचा रॉड (पेडल दाबलं की तार ओढणारी खालची सळी) काढला आणि परत लावताना वेगळ्याच भोकात घातला. तिसरं पेडल एवढं जड झालं की घोटा दुखायला लागला आणि रे काही केल्या सुरात येईना. तेव्हा कळलं की कुठला रॉड कुठल्या भोकात ह्यावरच सगळा खेळ आहे. खालच्या दांड्यावरच्या क्रँकमध्ये (रॉड ज्यात अडकवतात तो भोकांचा तुकडा) दांड्यापासून लांबचं भोक घेतलं तर रॉड जास्त ओढला जातो पण पेडल जड होतं, जवळचं घेतलं तर हलकं पण मग पाय खोलवर दाबावा लागतो.

लेथवाल्या काकांनी गिटार कधी बघितलेली नव्हती. ती टेबलावर उलटी ठेवली, दोन मिनिटं नुसते रॉड बघत उभे राहिले, मग म्हणाले, "हे बघा, मला सूर-बिर कळत नाही, तुम्ही किती मिलिमीटर ओढायचं तेवढं सांगा." ते मला कुठे माहीत! मग आम्ही असं केलं की मी ट्यूनर लावून तार छेडत राहिलो आणि काका रॉड पकडीत धरून हळूहळू ओढत गेले, प उतरत उतरत तीव्र म वर काटा थांबला की मी "बास" म्हणायचं आणि ते मार्करने रॉडवर रेघ मारायचे, व्हर्नियर लावून आकडा खडूने लेथच्या झाकणावर लिहायचे. पाचव्या तारेला 017 गेज (म्हणजे जाडी) आणि दहाव्या तारेला 036, दोन्हींना लागणारी ओढ वेगळी, तरी दोन्ही सूर एकाच क्षणी पोचायला हवेत, नाहीतर एक तार आधी पोचते आणि मधे घाणेरडा सूर ऐकू येतो. काकांनी हे एका वाक्यात ओळखलं, "म्हणजे दोन्ही एकदम टेकली पाहिजेत." त्याप्रमाणे क्रँकला वेगवेगळ्या अंतरावर भोकं पाडली. हे जमलं म्हणून मी हा रिव्ह्यू लिहितोय.

सगळं छान झालं असं नाही. चार दिवस सांगितले होते, बारा लागले. रॉडच्या टोकाचे, सूर लावायचे पहिले नायलॉनचे नट सैल निघाले, आटे बरोबर बसले नव्हते, संध्याकाळी सूर लावला की सकाळी उतरलेला. परत नेले तर दुसऱ्या दिवशी नवीन कापून दिले, पैसे घेतले नाहीत. आणि उभा लिव्हर आधी फार खाली आला होता, दुसरं पेडल दाबताना मांडी आपोआप त्याला लागायची. ही चूक माझी पण आहे, मी त्यांच्याकडे लोखंडी स्टुलावर बसून माप दिलं आणि घरी माझी खुर्ची त्यापेक्षा उंच. नंतर त्यांनी थांब्याची पट्टी बदलली आणि लिव्हर वर घेतला, आता एक बोट मोकळी जागा राहते आणि उचलायला कष्ट नाहीत.

सगळे मिळून सहा हजार दोनशे दिले, क्रँक, दांडा, दोन रॉड, स्प्रिंग आणि नट धरून. मला हे खूप वाजवी वाटलं. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा उशिरासाठी कापला.

काल काळी चारचं एक गाणं वाजवलं, बार चौथ्या पट्टीवर ठेवला आणि अख्खा अंतरा तिथून हलवलाच नाही, प खाली तीव्र म ला टेकून परत वर आला आणि वरचा ग तसाच वाजत राहिला. बाबा शेजारच्या खोलीतून उठून आले आणि गाणं संपेपर्यंत दारात उभे राहिले.

कोणाला करून घ्यायचं असेल तर जाताना जुनी चादर न्या, गिटार उलटी ठेवायला लागते. क्लिपचा ट्यूनर न्या, तिसऱ्या तारेची 011 एक जास्तीची न्या कारण तीच पहिली तुटते, आणि घरची खुर्ची रिक्षात घालून सोबत न्या. पावसाळ्यात काम घेऊ नका, माझ्या जुन्या रॉडना जुलैमध्येच गंज धरला होता, आता महिन्यातून एकदा सांध्यांवर मशीन ऑइलचा एकेक थेंब सोडतो.