भुईकोट की नळदुर्ग?

पाहुणे आले की त्यांना कोणता किल्ला दाखवायचा, हा आमच्या सोलापुरात ठरलेला वाद. भुईकोट शहरातच, सिद्धेश्वर तलावाला लागून. दुहेरी तटबंदी, खंदक, आत जुन्या देवळाचे अवशेष. तासाभरात बघून होतो. तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे.

नळदुर्ग राज्य संरक्षित. हैदराबाद रस्त्याने साधारण ५० किमी, म्हणजे जिल्हा ओलांडून धाराशिवमध्ये. पण खरी गंमत तिथंच. बोरी नदी अडवून बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल! पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात, तेव्हा तुम्ही आत सज्जात उभे आणि समोर पाण्याचा पडदा. शेजारच्याला ओरडून बोलावं लागतं. उपळी बुरुजावर चढताना मात्र गुडघे सांभाळा.

राज्यानं हा नळदुर्ग किल्ला स्मारक संगोपन योजनेतून देखभालीसाठी खासगी संस्थेकडे दिला होता. झाडी, बाग, बोटिंग आलं. काहींना ते जत्रेसारखं वाटतं. मला चालतं, कारण झुडपांत हरवलेल्या बुरुजापेक्षा माणसांची वर्दळ परवडली.

संध्याकाळ मोकळी असेल तर भुईकोट. ऑगस्टातला रविवार असेल तर शेंगाचटणी-भाकरी बांधा आणि सकाळी सातलाच नळदुर्गची वाट धरा.