आयर्न लंग रिव्ह्यू: खिडकीच नसलेली पाणबुडी

डेव्हिड शिमान्स्कीने 2022 च्या मार्चमध्ये काढलेला आयर्न लंग हा हॉरर गेम साधारण तासाभरात संपतो आणि त्या अख्ख्या तासात आपण एका लोखंडी डब्याच्या बाहेर पाऊल टाकत नाही. याच माणसाचा आधीचा डस्क हा गेम ज्यांनी खेळलाय त्यांना माहितीय, तिकडे सुसाट पळायचं आणि दिसेल त्याला गोळ्या घालायच्या. इकडे बंदूक नाही की पळायला जागा नाही. तरी मला विचाराल तर छोट्या, जुन्या धाटणीच्या हॉरर गेम्समध्ये याच्या जवळपास येईल असे फार थोडे आहेत, आणि का ते जरा सविस्तर लिहिते, कारण "ग्राफिक्स किती भंगार आहेत" एवढं बघून सोडून देणारे खूप जण दिसतात.

गोष्ट अशी की विश्वातले सगळे तारे आणि माणूस राहू शकेल असे सगळे ग्रह एका फटक्यात गायब झालेत. त्या वेळी जे स्पेस स्टेशनवर किंवा यानात होते तेवढेच उरले, आणि त्यांच्याकडचंही सगळं संपत आलंय. अशात एका ओसाड चंद्रावर रक्ताचा समुद्र सापडतो. हो, रक्ताचाच. तिथे उतरवायला एक जुनाट छोटी पाणबुडी आणि तिच्यात एक कैदी, म्हणजे आपण. नकाशावर खुणा केल्यात तिथले फोटो काढून आण, मग तुला सोडतो, असा सौदा. खाली दाब इतका की पुढच्या खिडकीवर पत्रा ठोकलाय आणि वरचं झाकण वेल्डिंग करून टाकलंय.

आता खेळायचं कसं ते बघा, कारण सगळी भीती त्यातच आहे. समोर पॅनलवर पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशी बटणं, आणि आपण कुठे आहोत ते सांगणारे आकडे, एक्स, वाय आणि तोंड किती अंशात आहे ते. बाजूला नकाशा. आकडे वाचायचे, नकाशावर जागा शोधायची, मनात कोन धरायचा, परत बटणाशी यायचं, दाबून धरायचं. आकडे हळूहळू बदलतात आणि कुठूनतरी पत्रा करकरतो. काही जवळ आलं की सेन्सरचा दिवा लागतो आणि बीप बीप सुरू होतं, म्हणजे कडा असेल, भिंत असेल, किंवा काय असेल कोणास ठाऊक. बाहेर बघायचा एकच मार्ग, तो म्हणजे पाणबुडीच्या मागच्या टोकाला असलेलं कॅमेऱ्याचं बटण. तिथपर्यंत चालत जायचं, दाबायचं, थांबायचं, मग पडद्यावर एक दाणेदार, अर्धवट दिसणारा फोटो उमटतो.

आणि तो फोटो बघताना जे होतं ना, त्यासाठी हा गेम. खडक आहे का? बहुतेक खडकच. पण खडकाला अशा ओळीने फासळ्या असतात का? परत नीट बघावं म्हणून पुढे वाकलं तर चित्र तेवढंच, जास्त काही दिसत नाही, झूम बिम काही नाही. शंका फेडायची तर दुसरा फोटो काढावा लागतो, आणि दुसरा काढला की मनात लगेच हिशोब सुरू होतो की पहिल्यात ही जागा मोकळी होती का. मधल्या वेळात बाहेर काय हललं ते आपल्याला कधीच कळत नाही, आपल्याकडे फक्त हा क्षण आणि मघाचा क्षण. पुढे काय काय दिसतं ते मी सांगणार नाही, पण एक वेळ अशी येते की बटणावर बोट असतं आणि दाबावंसं वाटत नाही. इतर हॉरर गेममध्ये राक्षस आपल्याला गाठतो, इथे त्याला बघायचं की नाही ते आपल्या हातात ठेवलंय, आणि न बघून चालतच नाही कारण ते काम करायलाच तर आपल्याला खाली सोडलंय.

माझं म्हणणं हेच आहे. फोटो खराब आहे कारण त्या जगातला कॅमेराच खराब आहे, पाणबुडी अडचणीची आहे कारण पाठवणाऱ्यांना आतल्या माणसाची फिकीर नाही. कमी रिझोल्यूशन, एकच खोली, तासाभराची लांबी, या सगळ्या तुटपुंजेपणातूनच कैद्याची अवस्था कळते. हाच गेम चकाचक ग्राफिक्सने, भलीमोठी काच लावून केला असता तर आपण पर्यटक झालो असतो.

रेट्रो, म्हणजे जुन्या गेम्ससारख्या दिसण्याबद्दल एक गोष्ट लोक नेहमी विसरतात. पहिल्या प्लेस्टेशनवर भिंती थरथरायच्या, फरशीची नक्षी कॅमेरा वळला की वाकडी व्हायची, कारण ते यंत्र कोपऱ्यांच्या जागा पूर्ण आकड्यांत मोजायचं आणि टेक्श्चर, म्हणजे भिंती-फरशीवर चिकटवलेलं चित्र, लावताना अंतराचा हिशोब धरायचं नाही. 1999 च्या सायलेंट हिलमधलं धुकंसुद्धा यंत्राला लांबचं चित्र झेपत नव्हतं म्हणूनच एवढं दाट होतं, आणि तेच धुकं त्या गेमची ओळख झालं. तेव्हा नाइलाजाने झालं ते आता मुद्दाम केलं जातंय, आणि ज्याला ते का करायचं हे कळतं त्याचाच गेम टिकतो. नुसता थरथरणारा फिल्टर लावून अंधाऱ्या घरात एक बाहुली ठेवली की झाला हॉरर, असे गेम ढिगाने येतात, एक खेळला की दुसरा आठवतही नाही.

जमलेलं दुसरं उदाहरण म्हणजे माऊथवॉशिंग, राँग ऑर्गन नावाच्या छोट्या टीमचा, सप्टेंबर 2024 चा. हा दोन-तीन तासांचा आहे. मालवाहू अंतराळयान, पाच जणांचा क्रू, यान आपटलंय, कॅप्टनने मुद्दाम आपटवलं असं आपल्याला सांगितलं जातं. कॅप्टन कर्ली हातपाय गमावून, बँडेजमध्ये गुंडाळलेला, ओठ नसल्याने दात उघडे, एक डोळा सतत ताणलेला असा बेडवर पडलाय, आणि वेदनाशामक गोळ्या आपल्यालाच त्याच्या तोंडात ढकलाव्या लागतात. तो चेहरा मोजक्या पॉलिगॉन्सचा, म्हणजे थोड्याशा सपाट तुकड्यांनी जोडलेला आहे, बारकावे जवळजवळ नाहीतच, आणि त्या डोळ्याकडे तरी बघवत नाही. गोष्ट काळात पुढेमागे उड्या मारते, ज्याच्या नजरेतून आपण बघतोय तो काय काय लपवतोय ते हळूहळू लक्षात येतं, आणि नर्सचं काम बघणारी आन्या झोपायच्या खोल्यांना कुलूप का नाही असं विचारते तिथे मला अक्षरशः पॉज करून बसावं लागलं. कुठेही रक्त उडत नाही त्या सीनमध्ये. एक साधा प्रश्न, आणि समोरचा त्याचं नीट उत्तर देत नाही, बास.

दोन्ही गेममध्ये माणसं कामावर पाठवलेली आहेत आणि त्यांना घ्यायला कोणी येणार नाहीये, हे मला सारखं दिसत राहतं. माऊथवॉशिंगमध्ये कंपनीच गुंडाळली जातेय, क्रूला कळवून टाकलंय की नोकऱ्या गेल्या, आणि ज्या मालासाठी जीव धोक्यात घातला तो उघडला तर माऊथवॉशच्या बाटल्या. आयर्न लंगमध्ये सुटकेचं आश्वासन कितपत खरं आहे याची शंका पहिल्या पाच मिनिटांतच येते, तरी आपण निमूटपणे पुढच्या खुणेकडे निघतो कारण दुसरं करणार काय. महिन्याअखेरीस पगार अडकलेल्या, फोन न उचलणाऱ्या साहेबाची वाट बघत बसलेल्या माणसाला ही भीती वेगळी समजावून सांगायला लागत नाही.

अजून एक, जून 2023 मध्ये टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेली टायटन पाणबुडी खोल समुद्रात चेंगरली आणि पाच माणसं गेली, तेव्हा आयर्न लंगचा खप अचानक वाढला होता. शिमान्स्कीने ते बघून हे फार चुकीचं वाटतंय असं उघडपणे लिहिलं, आणि त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

कमतरता सांगायच्या तर आहेत. कोन आणि आकड्यांचं गणित ज्यांना कंटाळवाणं वाटतं त्यांना मधली वीस मिनिटं जड जातील. पाणबुडीतल्या कॉम्प्युटरवरचा मजकूर छोट्या अक्षरांत, इंग्रजीत, आणि तो वाचला नाही तर जगाची अर्धी गोष्ट सुटते, हे मला थोडं खटकतं कारण घाबरलेला माणूस थांबून वाचत बसत नाही. शेवट एकदम अंगावर येतो, काहींना तो तुटक वाटेल, मला तसाच हवा होता. दुसऱ्यांदा खेळलं तर धार बरीच कमी होते हेही खरं, फोटोत काय आहे ते एकदा कळलं की कळलं. म्हणूनच यूट्यूबवर आधी कोणाचा गेमप्ले बघू नका, आणि मार्किप्लायर या यूट्यूबरने यावर काढलेला सिनेमा बघायचा असेल तर गेम खेळून झाल्यावर बघा.

हेडफोन मात्र पाहिजेतच, लॅपटॉपच्या स्पीकरवर खेळणार असाल तर राहू द्या, कारण पत्र्याचा आवाज नेमका कुठल्या बाजूने आला हे कळणं इथे नजरेपेक्षा जास्त कामाचं आहे. रात्री, एका बैठकीत. ग्राफिक्स कार्ड जुनं असलं तरी हरकत नाही, साध्या मशीनवर चालून जातो.

आणि एक विनंती. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करता येतो, त्यामुळे तासाभराचा गेम पूर्ण खेळून, आवडूनसुद्धा पैसे परत मागणारे लोक आहेत. समर ऑफ फिफ्टी-एट नावाचा असाच छोटा हॉरर बनवणाऱ्या एमिका गेम्सने 2021 मध्ये याच रिफंडांमुळे गेम बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. लांबी वाढवा म्हणून ओरडायचं, आणि मग त्याच त्याच कॉरिडॉरमध्ये चाव्या शोधायला लावणारा आठ तासांचा गेम आला की कंटाळलो म्हणायचं, याला काही अर्थ नाही. आयर्न लंग तासाभराचा आहे म्हणूनच एवढा घट्ट आहे. मशीनवर चालतच नसेल तर खुशाल परत करा, पण शेवटपर्यंत खेळलात तर पैसे त्याच्याकडे राहू द्या.