चक्कवरट्टी: नऊ महिने घरात ठेवून, खाऊन

मेअखेरीस शेजारच्या चेची (मल्याळममध्ये चेची म्हणजे ताई) केरळातल्या पाला गावाहून परत आल्या, तेव्हा त्यांच्या आईनं उरुळीत आटवलेली एक किलो चक्कवरट्टी मी त्यांच्याकडून घेतली. उरुळी म्हणजे काशाचं जाड, पसरट भांडं. चक्क म्हणजे फणस, वरट्टी म्हणजे आटवून कोरडी केलेली. पिकलेले गरे, काळा गूळ, तूप, वर सुंठ-वेलची. आता फेब्रुवारी संपत आलाय आणि बरणीच्या तळाशी चार चमचे उरलेत. (मल्याळममध्येही बरणीला ‘भरणी’च म्हणतात, हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता.)

पहिला महिना मी ती चुकीची खाल्ली. पावाला जॅमसारखी लावायची, पोळीवर थापायची. दोन घासांत गोडानं तोंड मिटायचं, मुलांनी तर नकोच म्हटलं. पैसे फुकट गेले असं वाटायला लागलं होतं. चेचींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, ही नुसती खायची नसते गं, ही उघडायची असते.” फणसाचा हंगाम साधारण जूनजुलैत संपतो आणि ओणम येतो ऑगस्ट-सप्टेंबरात. तेव्हा प्रधमन, म्हणजे नारळाच्या दुधातली गुळाची खीर, करायला ताजा फणस कुठून आणणार? म्हणून उन्हाळ्यातच गरे आटवून ठेवायचे आणि वेळ आली की नारळाच्या दुधात सोडायचे. आपल्याकडे आटवलेला आमरस ठेवतात, तशीच ही बेगमी. हे समजल्यावर वरट्टीशी माझं जमलं.

ओणमला चेचींच्या स्वयंपाकघरात उभं राहून चक्क प्रधमन शिकले. पाव किलो वरट्टी, दोन नारळ. आधी दुसऱ्या वेळचं पातळ दूध, तीन वाट्या, त्यात वरट्टी मंद आचेवर हलवत राहायची. गोळा हळूहळू सैल होतो आणि सबंध घरभर फणस दरवळतो. ते दाटसर झालं की पहिलं घट्ट दूध घालायचं आणि लगेच गॅस बंद. इथे एक उकळी आली तरी दूध फुटतं. माझं दुसऱ्या खेपेला फुटलं, चव बरी होती पण तो मऊपणा गेला. वर सुंठ आणि थोडी जिऱ्याची पूड, तुपात लाल केलेले ओल्या नारळाचे तुकडे. जिरं खिरीत कसं लागेल अशी मला शंका होती. आता त्याशिवाय करत नाही, गुळाचा जडपणा तेच उतरवतं.

पण माझ्या घरात सगळ्यात जास्त संपली ती पातोळ्यांत. केरळात इलयड करतात: केळीच्या पानावर तांदळाची उकड थापून, आत वरट्टी नि ओलं खोबरं भरून, पान दुमडून वाफवायची. मी हळदीच्या पानात तेच सारण घातलं. दोन भाग खोबरं, एक भाग वरट्टी, आणखी गूळ अजिबात नको. हळदीच्या पानाचा वास आणि फणसाचा वास एकमेकांना दाबत नाहीत, उलट दोन्ही खुलतात. कुंबिळप्पम मात्र नीट जमलं नाही. ते वयणाच्या पानाच्या पुड्यात वाफवतात, ते पान तमालपत्राच्या कुळातलं. आपलं वाळकं तमालपत्र वळत नाही, तडकतं.

रोजच्यासाठी: कोमट दुधात एक चमचा, किंवा साध्या डोशावर तुपाबरोबर अगदी पातळ थर. घट्ट दह्यात कालवलेलीही मला आवडते, घरात बाकी कुणाला नाही.

टिकण्याबद्दल. मोठी काचेची बरणी फ्रिजबाहेर पावसाळाभर राहिली, वर बोटभर तूप होतं, काही झालं नाही. लहान वाटीत काढलेल्या वरट्टीला मात्र ऑगस्टमध्ये आठवड्याभरात बुरशी आली, कारण त्यात ओला चमचा गेला होता. ती सगळी टाकावी लागली. चमचा कोरडाच हवा, याला पर्याय नाही. हिवाळ्यात ती दगडासारखी होते; बरणी गरम पाण्यात ठेवली की सैल पडते.

मध्ये जुलैत एका दुकानातून पाकिटातली आणून पाहिली. घटकांत पहिलं नाव साखरेचं होतं. चकचकीत, एकजीव, रेषा कुठेच नाही, आणि प्रधमनात घातल्यावर फक्त गोड पाणी. घ्यायचीच असेल तर फणस आणि गूळ ही नावं सगळ्यांत वर आहेत का, ते आधी वाचा.

जूनमध्ये राजापूरहून कापा फणस आला तेव्हा घरी करून पाहिली. केरळातही वरिक्क आणि कूळ असे दोन फणस आहेत, म्हणजे आपले कापा आणि बरका. दोन किलो गरे वाफवून वाटले, एक किलो गूळ वितळवून गाळून घेतला (खडा निघतोच), पाव किलो तूप थोडं थोडं घालत गेले. तीन तास लागले. दुसऱ्या तासानंतर मिश्रण ज्वालामुखीसारखं फुटतं, हातावर दोन फोड आले. लांब दांड्याचा कलथा आणि पूर्ण बाह्या हव्यातच. कडा सुटून गोळा बोटांना चिकटेनासा झाला की झालं. जेमतेम दोन किलो निघाली. आपल्या पिवळ्या गुळानं रंग सोनेरी-तपकिरी आला, पालाच्या वरट्टीसारखा काळपट नाही, आणि त्या गुळाची किंचित कडवट धुरकट चवही नाही. माझी चांगली होती. चेचींच्या आईची जास्त खोल होती.

केरळनं मार्च २०१८ मध्ये फणसाला राज्यफळ जाहीर केलं. माझ्या सासरी कोकणात आजही झाडाखाली फणस सडताना दिसतात, आणि फणसपोळीपलीकडे आम्ही फारसं काही करत नाही, याचं मला वाईट वाटतं.

यंदा चेचींकडे दोन किलो सांगून ठेवलीय, आणि काळा गूळही. मे महिन्यात बरक्याची करून बघणार आहे, रेषा काढायला मोठी चाळणी घेऊन.