जुन्या लॅपटॉपचा चार्जर गेला: ओरिजिनल, कंपॅटिबल की युनिव्हर्सल?

दुकानात जाण्याआधी जुन्या चार्जरवर ‘आउटपुट’समोर काय छापलंय ते बघा. व्होल्ट जुळायलाच हवेत. ॲम्पिअर जास्त चालतात, कमी नाही, कारण लॅपटॉप लागेल तेवढाच करंट ओढतो. डेलच्या १९.५ व्होल्ट, ३.३४ ॲम्पिअरच्या (६५ वॉट) जागी ४.६२ ॲम्पिअरचा (९० वॉट) खुशाल लावा. उलट केलंत तर चार्जर तापत राहील.

डेल असेल तर मी ओरिजिनलच घ्या म्हणेन. त्याच्या गोल पिनेच्या मधोमध बारीक काडी असते, तिच्यातून लॅपटॉप चार्जर ओळखतो. ओळख पटली नाही तर मशीन चालतं, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरचा वेग उतरतो. लोक मग बॅटरी गेली समजून नवी आणतात! अडचण एवढीच, की जुन्या मॉडेलचा खरा चार्जर मिळणं कठीण आणि कंपनीचं नाव छापलेले डुप्लिकेट भरपूर. निम्म्याहून कमी किमतीत ‘ओरिजिनल’ मिळत असेल तर घेऊ नका.

एसर, आसुसच्या जुन्या १९ व्होल्टच्या मॉडेलांना अशी काडी नसते. तिथे चांगल्या कंपनीचा कंपॅटिबल (म्हणजे त्या लॅपटॉपला चालणारा, पण दुसऱ्या कंपनीने बनवलेला) पुरतो आणि बरेच पैसे वाचतात. मात्र पीन नीट पाहा. दोन्हींची बाहेरून ५.५ मिलिमीटर, पण आतलं भोक बहुधा एसरचं १.७ आणि आसुसचं २.५. ढिली बसलेली पीन ठिणग्या टाकते, जॅक जाळते. चार्जरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव दिसतं. ते नाव चार्जरवरच्या नावाशी जुळलं नाही तर चार्जर परत ठेवा.

आठ-दहा पिना आणि व्होल्टचं बटण असलेला युनिव्हर्सल चार्जर मी कुणालाही सुचवत नाही. घरात कुणाच्या हातून बटण सरकलं की १९ व्होल्टच्या मशीनला २४ व्होल्ट जातात, आणि मदरबोर्डचा खर्च चार्जरच्या कितीतरी पट.

टाइप-सी चार्जरला गोल पिनेची केबल जोडायचा मार्गही आहे, पण ती २० व्होल्ट देते. एचपीच्या १८.५ व्होल्टवाल्या जुन्या मशीनला ती नको.

कोणताही घ्या, मूळ चार्जर तीन पिनांचा असेल तर नवाही तसाच घ्या. अर्थिंग नसलं की धातूच्या बॉडीवर हाताला झिणझिण्या येतात. डेल असेल तर लॅपटॉप दुकानात न्या, सुरू होताना एफ२ दाबा आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) चार्जरचे वॉट दिसतात का बघा. ‘अननोन’ आलं तर तिथेच बदलून मागा.