स्ट्रिंग इन्व्हर्टर की मायक्रोइन्व्हर्टर?

सौर पॅनेलची डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज घरात वापरायच्या एसी विजेत बदलतो तो इन्व्हर्टर. या दोनांतला कोणता घ्यायचा हे ठरवायला आधी छतावर जाऊन सावली बघा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळीही. स्ट्रिंग इन्व्हर्टरला पॅनेल एकामागोमाग एक जोडलेली असतात, म्हणून टाकीची सावली एकाच पॅनेलवर पडली तरी साऱ्या रांगेची वीज घटू शकते. पॅनेलमधले बायपास डायोड (सावलीतल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेणारे छोटे सुटे भाग) थोडं सावरून घेतात, पण पूर्ण नाही. मायक्रोइन्व्हर्टर प्रत्येक पॅनेलखाली वेगळा बसतो. एक मंदावलं तरी बाकीची पॅनेल आपलं काम करत राहतात. शिवाय छतावर शेकडो व्होल्टचा डीसी प्रवाह खेळत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. खर्च मात्र जास्त, आणि बिघाड झाला तर पॅनेल उचलावं लागतं. स्ट्रिंगवाला भिंतीवर, हाताशी असतो. छत मोकळं आणि एकाच उताराचं असेल तर मी बिनदिक्कत स्ट्रिंगच घेईन.