कोऱ्या फॉर्म 29-30 वर सही करू नका, माझी गाडी अशीच गेली

लिहायला लाज वाटते. पण गेल्या महिन्यात ओळखीच्या दोघांनी ‘गाडीवर पैसे कुठे मिळतात रे’ म्हणून विचारलं, म्हणून लिहितोय.

मागच्या जूनमध्ये आईच्या बायपासला पैसे कमी पडले. सिबिल खराब, त्यामुळे बँकेने हात वर केले. एका गाडीवाल्या सावकाराकडून 2018 च्या वॅगनारवर 1,50,000 घेतले. हातात पडले 1,38,000. पहिल्या महिन्याचं व्याज 7,500 आणि फाईल चार्ज 4,500 आधीच कापले. आरसी त्याच्याकडे, गाडी माझ्याकडे.

सह्या घेताना त्याचा माणूस प्रत्येक कागदाचा वरचा भाग तळहाताने दाबून धरत होता. पान उलटताना एकावर ‘29’ दिसलं. विचारलं, तर म्हणाला, “बोजा चढवायचा फॉर्म आहे, साहेब.” अरे, बोजा चढवायचा फॉर्म 34! 29 आणि 30 गाडी विकल्यावर भरतात. दोनच वर्षांपूर्वी स्प्लेंडर विकताना मी स्वतः त्यांच्यावर सह्या केल्या होत्या. तरी गप्प बसलो. आई आयसीयूत, काउंटरवर पैसे भरायला संध्याकाळपर्यंतची मुदत. अशा वेळी फॉर्मचे नंबर कोण बघतो? पण ते ‘29’ अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पुढे ‘नोंदीसाठी’ म्हणून मागितलेला ओटीपीही मी सांगितला. ओटीपी कोणालाही सांगू नका, कोणालाही.

आठ महिने 7,500 प्रमाणे 60,000 भरले. सहा हप्ते रोख, पावती नाही. रोख देऊच नका. मग दोन हप्ते थकले आणि मे महिन्यात एका सकाळी पार्किंग रिकामं. फोन केला तर 2,35,000 आणा, वर यार्डभाडं रोज 300. पंधरा दिवसांनी एम-परिवहन या सरकारी ॲपवर पाहिलं, मालक दुसराच.

पोलीस म्हणाले, “सही तुमचीच ना? दिवाणी मामला आहे.” आरटीओ म्हणालं, कागद पूर्ण होते. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमात विनापरवाना सावकारीला 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 पर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतात. शेतकरी नसलेल्याला तारणावर वर्षाला 15 टक्के व्याजाची मर्यादा आहे, म्हणजे माझ्या रकमेवर महिन्याला 1,875. मी त्याच्या चौपट भरत होतो! हे सावकारीच्या तक्रारी बघणाऱ्या सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात सांगितलं, तर म्हणे कागदावर ही विक्री आहे, कर्ज होतं याचा पुरावा आणा. पुरावा मी कुठून आणू? करारनाम्याची प्रत त्याने दिलीच नाही. तुम्ही प्रत हातात आल्याशिवाय उठू नका. पैसे देणारा परवाना दाखवत नसेल आणि रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीकृत कर्ज-कंपन्यांच्या यादीतही त्याचं नाव नसेल, तर तिथूनच परत फिरा. कायदा उपनिबंधकांच्याच कपाटात आहे आणि तिथे चार खेपा मी घातल्यात. त्या सावकाराला एकदा बोलावून विचारायला काय जातं यांचं?

दोन हप्ते फोनपेवर दिले होते, त्यात मी ‘व्याज’ असं लिहिलं होतं. तेवढे 15,000 चे दोन कागद छापून घेतलेत. सोमवारी पाचवी खेप.