पडलेली टीम उभी करायची: बंगळूरची रीत की गोव्याची?

खानापूरच्या एका दोस्ताचा परवा फोन आला. म्हणाला आमची फुटबॉल टीम सलग दोन वर्षं पहिल्याच राउंडला बाहेर, कमिटीत भांडणं लागलीत, यंदा एक जण थोडे पैसे घालायला तयार झालाय, तर ते घालायचे कुठं, बाहेरनं तयार चार प्लेयर आणायचे की एक चांगला कोच धरून आपलीच पोरं घडवायची, तू बंगळूर-गोवा दोन्हीकडं मॅचला जातोस तर तूच सांग गा. अर्धा तास बोललो तरी माझं बोलणं संपलं नाही, म्हणून आता बसून लिहितोय, अजून कुणी असंच अडकलं असेल तर त्यालाही उपयोग होईल.

आम्हा बेळगावकरांचं एक बरं आहे. रात्री रेल्वेत बसलं की सकाळी बंगळूर, आणि चोर्ला घाट उतरलं की गोवा. बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमला निळा शर्ट घालून ओरडणारे आमच्यात आहेत आणि गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमला नारंगी घालून जाणारे पण आहेत, एकाच गल्लीत, कधीकधी एकाच घरात. आणि ह्या दोन्ही टीम, बंगळूर एफसी आणि एफसी गोवा, गेल्या पाच-सहा वर्षांत वरनं खाली आदळल्या आणि परत उठल्या, दोघींची उठायची रीत वेगळी. म्हणून तुलना करायची तर मँचेस्टर आणि माद्रिदची कशाला, हीच दोन घरं बघू की. मी स्वतः बंगळूरचा, 2013 ला क्लब निघाला तेव्हापासनं, हे आधीच सांगून टाकतो.

आधी पडल्या कशा ते बघायला पाहिजे, कारण औषध त्यावर ठरतं.

गोवा पडलं ते माणसं गेल्यामुळं. सर्जिओ लोबेरा 2017 ला कोच म्हणून आला तेव्हा टीम आदल्या सीझनला आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) आठपैकी आठवी होती. तिथनं त्यानं असा पासिंगचा खेळ बसवला की बघत बसावं, कोरोनं पहिल्याच सीझनला 18 गोल मारले, आणि 2019-20 ला लीगमध्ये पहिला नंबर, त्याची शील्ड मिळाली, एएफसी चॅम्पियन्स लीग म्हणजे आशियातल्या क्लबांच्या मोठ्या टूर्नामेंटच्या ग्रुप स्टेजला जाणारा पहिला भारतीय क्लब झाला. पण तो सीझन पुरा व्हायच्या आधीच लोबेराला घालवलं. मग तो मुंबई सिटीला गेला आणि त्याच्या मागनं बूमू, जाहू, मुर्तदा फॉल आणि आपला म्हापशाचा मंदार राव देसाई, चौघं तिकडं. मुंबईनं लगेच 2020-21 ला शील्ड आणि लीगनंतरच्या प्लेऑफची ट्रॉफी दोन्ही उचलली. गोव्यानं तेवढ्यातही हुआन फेरांडोला आणून सेमीफायनल गाठली, 2021 चा ड्युरंड कप घेतला, पण डिसेंबर 2021 ला सीझन चालू असताना फेरांडोपण कोलकात्याला निघून गेला. मधेच कोच गेला की टीमचं काय होतं? नववा नंबर. पुढच्या वर्षी कार्लोस पेन्याच्या हाताखाली सातवा, प्लेऑफ हुकला.

बंगळूरचं पडणं वेगळं, आणि माझ्या मते जास्त धोक्याचं, कारण ते दिसत नाही. पहिली पाच-सहा वर्षं तर आम्ही जमिनीवर नव्हतोच. पहिल्याच सीझनला आय-लीग (तेव्हाची देशातली वरची लीग), परत 2015-16 ला आय-लीग, 2016 ला एएफसी कपची फायनल, मग 2018-19 ला आयएसएल. त्या फायनलला समोर गोवाच होतं, मुंबईत, 117व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुल भेकेचा हेडर, आम्ही टिळकवाडीत एका मित्राच्या गच्चीवर टीव्ही लावून बघत होतो आणि शेजारच्या घरातले लोक बाहेर आले होते काय झालं म्हणून. त्यानंतर टीम तीच राहिली आणि माणसं मोठी होत गेली. जिंकणारी टीम मोडायला हात होत नाही कुणाचा, आणि तिथंच घोटाळा होतो. जानेवारी 2021 ला कोच कुआद्रातला सोडलं, त्या वर्षी सातवे, पुढच्या वर्षी सहावे.

मग 2022 ला क्लबनं तेच केलं जे आमच्याकडची प्रत्येक कमिटी करते. बाजारात जी मोठी नावं होती ती घेतली. रॉय कृष्णा, झिंगन, हावी हर्नांडेझ, प्रबीर दास, कोच सायमन ग्रेसन. आणि खरं सांगायचं तर लगेच फळ मिळालं, सप्टेंबरला ड्युरंड कप, मग लीगमध्ये लागोपाठ आठ मॅच जिंकल्या, मार्च 2023 ला फायनल, टायब्रेकरवर हरलो. त्या रात्री फातोर्ड्यात मी होतो. परत येताना घाटात कुणी एक शब्द बोललं नाही. पण पुढच्या जून-जुलैपर्यंत त्यातली बहुतेक माणसं गेली, कृष्णा ओडिशाला, झिंगन गोव्याला, आमचा उदांता पण गोव्याला, प्रबीर केरळला. आणि 2023-24 ला 22 मॅचमध्ये 22 पॉइंट, बारापैकी दहावा नंबर, डिसेंबरमध्ये ग्रेसन घरी.

आमच्या इथल्या एका क्लबमध्ये पण मी हे डोळ्यानं बघितलंय, नाव नको. एका सीझनला बाहेरचे पाच प्लेयर आणले, एक टूर्नामेंट मारली, हार घालून मिरवणूक काढली, दुसऱ्या वर्षी पैसे नाहीत म्हणून पाचही गेले आणि ज्या पोरांना वर्षभर बेंचवर बसवलं होतं ती तोवर दुसऱ्या क्लबात निघून गेलेली. ग्राउंडवर अकरा पोरं उभी करायला वांदे झाले. ती पोरं मी ओळखतो, चांगली होती, सकाळी सहाला लेले मैदानावर यायची. हे अजून माझ्या मनातनं जात नाही.

आता उठल्या कशा.

गोव्यानं जून 2023 ला पहिली सही कोचची केली, मानोलो मार्केझ. हैदराबादला 2021-22 ची ट्रॉफी देऊन आलेला माणूस, आणि तिथं त्यानं ती कोवळ्या भारतीय पोरांच्या जिवावर मिळवली होती. त्याचं नाव ठरल्यावर मग त्याला कोण पाहिजे ते बघितलं. सातव्यावरनं तिसरे झाले, सुरुवातीच्या 12 मॅच हरलेच नाहीत. पुढच्या वर्षी ब्रँडन फर्नांडिस मुंबईला गेला, नोआ केरळला गेला, म्हणजे अटॅकचे दोन मोठे खांब गेले, तरी टीम पडली नाही, उलट 48 पॉइंट घेऊन दुसरी आली आणि मे 2025 ला सुपर कप, फायनलला जमशेदपूरला 3-0. हा मुद्दा नीट बघा. लोबेराच्या वेळी चार माणसं गेली आणि घर हललं, ह्या वेळी दोन गेली आणि ब्रायसन फर्नांडिससारखं गोव्याचंच पोर पुढं आलं. ऑक्टोबर 2025 ला सौदीच्या अल नस्रसमोर फातोर्ड्यात गोवा 2-1 हरलं पण तो एक गोल ब्रायसनचा. स्टेडियममधले सगळे रोनाल्डो आला नाही म्हणून हळहळत होते आणि त्या पोरानं गोल मारल्यावर रोनाल्डोला विसरून गेले.

पण गोव्याच्या रीतीत एक कच्चा दुवा आहे आणि तो लपवून चालणार नाही. सगळं कोचवर. तो आहे तोवर घर उभं, तो मधेच गेला की काय होतं ते फेरांडोच्या वेळी बघितलंच. आणि दुसरं, सुंदर खेळतात पण दार लावायचं विसरतात. 24 एप्रिल 2024, सेमीफायनल, मुंबईविरुद्ध घरच्या ग्राउंडवर 90 मिनिटापर्यंत 2-0 पुढं, आणि मॅच संपली तेव्हा 2-3. तीन गोल शेवटच्या सहा-सात मिनिटांत! माझा गोवेकर भाऊजी त्या रात्री जेवला नाही.

बंगळूरची रीत दुसरी. ग्रेसननंतर डिसेंबर 2023 ला जेरार्ड झारागोझा आला, तो आधी इथंच कुआद्रातचा असिस्टंट होता, घर ओळखीचं. तेव्हा सीझन हातातनं गेलेलाच होता, पण ते अर्धं वर्ष त्याला नुसतं बघायला मिळालं, कोण ठेवायचा कोण सोडायचा. माझ्या हिशोबात ती सगळ्यात मोलाची गोष्ट, कारण नवा कोच जूनमध्ये येतो आणि टीम आधीच घेतलेली असते असंच बहुतेक ठिकाणी होतं. मग 2024 ला खरेदी झाली ती मागनं पुढं. राहुल भेके परत आणला, चिंगलेनसाना आणला, निखिल पुजारी आणला, म्हणजे डिफेन्स आधी. मधे पेद्रो कापो आणि नोगेरा, पुढं पेरेरा दियाझ आणि एडगर मेंडेझ. पहिल्या पाच मॅचमध्ये एक गोल खाल्ला नाही. आणि पहिल्याच मॅचला ईस्ट बंगालविरुद्ध गोल कुणाचा, तर विनीत वेंकटेश, तेव्हा विशीचा पण नाही, क्लबच्याच अकॅडमीत वाढलेला. दहाव्यावरनं तिसरे, 38 पॉइंट, नॉकआउटला मुंबईला 5-0.

ह्यात अडचण कुठं आहे ती पण सांगतो, आणि बंगळूरवाला असून सांगतो. त्या सीझनला भारतीय प्लेयरमध्ये सगळ्यात जास्त गोल सुनील छेत्रीचे, 14, आणि वय 40. त्याच्याबद्दल मला किती वाटतं ते लिहायला गेलो तर हे कधी संपणार नाही. पण टीमचे सगळ्यात जास्त भारतीय गोल 40 वर्षांच्या माणसाकडनं येत असतील तर मागची दहा वर्षं स्ट्रायकर घडवायचा राहिला असाच त्याचा अर्थ, आणि ही चूक सगळ्या देशाची आहे, एकट्या क्लबची नाही. छेत्री म्हणजे वरनं मिळालेलं देणं, ते तुमच्या प्लॅनमध्ये धरता येत नाही. खानापूरला छेत्री नाही.

दोन्ही रीती समोरासमोर आल्या ती रात्र 6 एप्रिल 2025. बंगळूरमध्ये पहिली मॅच आम्ही 2-0 जिंकलेली, फातोर्ड्यात गोव्यानं दोन गोल फेडून बरोबरी केली, सगळं स्टेडियम पेटलेलं, आता एक्स्ट्रा टाइम म्हणेपर्यंत इंजुरी टाइमला छेत्रीचा हेडर. एकूण 3-2, आम्ही फायनलला. मी नाचलो, खोटं का सांगू. पण दुसऱ्या दिवशी शांतपणे विचार केला तर 180 मिनिटांत दोन टीममध्ये एका हेडरचा फरक होता, आणि लीगच्या टेबलावर गोवा आमच्यापेक्षा दहा पॉइंट वर होतं. फायनल आम्ही मोहन बागानकडून एक्स्ट्रा टाइमला हरलो, आणि गोव्यानं महिन्याभरात सुपर कप घेतला. मग बरी रीत कुणाची?

कमिटीत एक जण हमखास मँचेस्टर युनायटेडचा असतोच, तो म्हणणार पैसे टाकल्याशिवाय काही होत नाही. त्याला एवढंच विचारा की 2013 ला फर्ग्युसन गेल्यापासनं पैसे कमी टाकले का, एकट्या पोग्बाला 2016 ला 89 मिलियन पाउंड दिले, आणि 2024-25 ला नंबर किती आला, पंधरावा. दर दोन वर्षांनी नवा कोच, दर कोचची वेगळी खरेदी, मागच्याचे प्लेयर पुढच्याला नको. त्याच वेळी आर्सेनलनं आर्टेटाला दोन वेळा आठवा नंबर येऊनसुद्धा ठेवला आणि मग लागोपाठ तीन वर्षं दुसरे आले.

तर ठरवायचं कसं. माझं मत सरळ आहे. पैसा एकाच वर्षाचा असेल तर गोव्याची रीत धरा, म्हणजे कोच आधी आणि पोरं आपली. एक वर्षाच्या पैशात आणलेले प्लेयर वर्षानं जातात, कोचनं शिकवलेलं पोरांच्या पायात राहतं. बंगळूरची रीत परवडते कुणाला, तर ज्यांच्याकडं निदान तीन वर्षांचा पैसा आहे, एखादा सगळे ऐकतील असा जुना माणूस ड्रेसिंग रूममध्ये आहे, आणि खालनं पोरं येतायत. ह्या तिन्हीतलं एक नसलं तर ती 2022 ची बंगळूर होते, एक सीझन चमकते आणि जाते.

पण बंगळूरकडनं एक गोष्ट उचला म्हणजे उचलाच, मागनं पुढं बांधायचं. आमच्या भागात सगळ्यांना स्ट्रायकर पाहिजे असतो, कोल्हापूरच्या तालमींच्या मॅच बघून आलेले तर फॉरवर्डशिवाय बोलतच नाहीत, आणि शाहू स्टेडियमची ती गर्दी बघितल्यावर कुणालाही तसंच वाटेल. पण पडलेल्या टीमला पहिलं पाहिजे ते हरायचं थांबणं. एक बाहेरचा प्लेयर आणायचाच असेल तर तो स्टॉपर (मधला डिफेंडर) आणा, तिशीतला, बोलणारा, भेकेसारखा. तो 17-18 च्या पोरांना मॅचमध्ये उभं राहायला शिकवेल, तेवढं कुठल्याही कोचला बाहेरनं ओरडून जमत नाही.

आणि कोचशी दोन सीझनचं बोलणं करा. मधे चार मॅच हरल्या तर कमिटीनं ग्राउंडवर जाऊन टीम बदलायची नाही, हे मीटिंगमध्ये लिहून घ्या. खानापूरला पावसात जून ते सप्टेंबर ग्राउंड मिळत नाही हे खरं आहे, पण ते चार महिने वाया घालवू नका, कुठल्यातरी शाळेच्या हॉलमध्ये फिटनेस घ्या, व्हिडिओ दाखवा, जांबोटीकडच्या पोरांची बसची सोय बघा, कारण चांगली पोरं तिकडनंच येतात आणि पाऊस लागला की पहिल्यांदा तीच यायची बंद होतात.

रविवारी त्यांची मीटिंग आहे. मी दोस्ताला सांगितलंय, आधी कोचचं नाव पास करून घे, प्लेयरची लिस्ट कोच देईल, तू देऊ नकोस. आणि कीपरची काळजी करू नका, आमच्या कॅम्पातला एक पोरगा मोकळा आहे, 19 वर्षांचा, क्रॉसला बाहेर यायला भीत नाही, सोमवारी त्याला गाडीवर बसवून मीच घेऊन येतो.